स्वे बारचा पाव फेरा: गाडीमागचा कॅरव्हॅन ट्रेलर डोलू नये म्हणून

नाशिकहून मुंबईकडे निघालं की विल्होळीनंतर वेग वाढतो, आणि गाडीमागे कॅरव्हॅन ट्रेलर लावलेला असेल तर पहिली परीक्षा तिथेच होते. उजव्या बाजूने एखादा कंटेनर भरधाव पुढे काढतो. त्याच्या तोंडापुढची हवा आधी ट्रेलरला डावीकडे ढकलते आणि कंटेनर शेजारी आला की ट्रेलर त्याच्याकडे ओढला जातो. पाठोपाठ बसलेल्या या दोन धक्क्यांनी ट्रेलर हिचच्या, म्हणजे गाडीमागच्या जोडणीच्या, बॉलभोवती डावी-उजवी डोलू लागतो. जुळणी बरोबर असेल तर एक-दोन हेलकाव्यांत तो शांत होतो. नसेल तर प्रत्येक हेलकावा आधीपेक्षा मोठा होत जातो आणि शेवटी ट्रेलरच गाडीला हाकू लागतो.

यावर उपाय म्हणून बाजारात मिळतो तो फ्रिक्शन स्वे कंट्रोल, म्हणजे घर्षणाने डोलणं रोखणारा दांडा, बोलीत स्वे बार. किंमत त्या मानाने कमी, बसवायला सोपा, त्यामुळे ट्रेलर डोलला की लोक आधी याचाच बोल्ट आवळायला घेतात. आमच्या मते हा बोल्ट सगळ्यात शेवटी हात लावायचा. का, ते बार आतून कसा चालतो हे पाहिलं की लक्षात येतं.

बार म्हणजे एकात एक सरकणारे दोन भाग. एका भागात लोखंडी पट्टी, दुसऱ्यात ती पट्टी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे लायनर. ब्रेकला असतात त्याच जातीचे. एक टोक हिचच्या बाजूला असलेल्या छोट्या बॉलवर बसतं, दुसरं ट्रेलरच्या चौकटीच्या पुढच्या दांड्यावरच्या तशाच बॉलवर. हे छोटे बॉल साधारण 32 मिलिमीटरचे असतात. गाडी वळली की दोन्ही बॉलमधलं अंतर बदलतं, पट्टी लायनरमधून आत-बाहेर सरकते आणि घर्षण त्या सरकण्याला अडवतं. एवढंच त्याचं काम. स्कूटरचा कोनसेट आवळावा तसं हे आहे: सैल असेल तर हँडल थरथरतं, जास्त आवळला तर गाडी वळणातून सरळ व्हायलाच तयार नसते. बारमध्ये स्प्रिंग नाही. म्हणजे तो ट्रेलरला मधोमध परत आणत नाही, फक्त जिथे आहे तिथून हलू देताना कुरकुर करतो.

आता त्याची ताकद मोजून पाहू. बहुतेक कंपन्यांच्या जुळणीत छोटा बॉल मुख्य बॉलच्या मध्यापासून साडेपाच इंच, म्हणजे सुमारे 14 सेंटिमीटर बाजूला असतो. समजा पट्टी सरकवायला 300 किलोचा जोर लागेल इतका बार आवळला. 14 सेंटिमीटरच्या हाताने मिळालेलं वळण-बळ झालं 42 किलोग्रॅम-मीटर. ट्रेलरचा अ‍ॅक्सल मुख्य बॉलपासून 3 मीटर मागे असेल, तर तिथे हा विरोध उरतो 14 किलोचा. बाराशे किलोचा ट्रेलर, आणि त्याला बाजूने अडवायला 14 किलो! छोट्या थरथरीला हे पुरतं. मोठ्या हेलकाव्याला नाही.

त्याचंही कारण सोपं आहे. हेलकावा दुप्पट रुंद झाला की त्यातली ऊर्जा चौपट होते. घर्षण मात्र अंतराच्या हिशेबातच ऊर्जा खातं. अंतर दुप्पट तर खाल्लेली ऊर्जाही दुप्पटच. त्यामुळे बार सुरुवातीच्या हालचालीला दाबून टाकतो, पण डोलणं एकदा हाताबाहेर गेलं की तो मागे पडतो. शिवाय वेग वाढेल तसतशी टायरकडून मिळणारी डोलणं शमवण्याची क्षमता घटते आणि एका ठरावीक वेगापुढे हेलकावे आपोआप वाढत जातात. तो वेग प्रत्येक जोडीचा वेगळा. ताशी 80 वर अस्वस्थ वाटणारी जोडी 70 वर आणली तर जेवढा फरक पडतो तेवढा बोल्टच्या कितीही फेऱ्यांनी पडत नाही.

आधी वजन

डोलण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे ट्रेलरचं नाक हलकं असणं. नाक म्हणजे कपलर, ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा बॉलवर बसणारा सांधा, मुख्य बॉलवर किती भाराने टेकतो ते. अमेरिकेत एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के हा दंडक आहे. युरोपात हलके कॅरव्हॅन कमी वेगाने ओढतात, तिथे 5 ते 7 टक्के धरतात. 1200 किलोच्या ट्रेलरला 10 टक्के म्हणजे 120 किलो. पण तुमच्या गाडीच्या टो-बारवर उभा भार किती चालतो हे त्याच्यावरच्या माहितीच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत पाहायचं, आणि दोन्हींत जो आकडा कमी तो पाळायचा. मर्यादा 75 किलोची असेल तर 120 किलोचं नाक त्यावर टेकवता येणार नाही. मग ट्रेलरच हलका भरावा लागेल.

एकूण वजनासाठी भुईकाटा आहेच. पिंपळगाव, लासलगावच्या रस्त्याला कांद्याचे ट्रक तोलणारे काटे जागोजागी आहेत. नाकासाठी मात्र भुईकाटा कामाचा नाही, कारण त्याचा एकेक टप्पा पाच-दहा किलोंचा, कधी वीसचाही असतो. त्यापेक्षा व्यापाऱ्याच्या शेडमधला 300 किलोचा प्लॅटफॉर्म काटा उत्तम. सपाट जागा, चाकांना पुढून-मागून उटी, आणि काट्यावर लाकडी ठोकळे रचून कपलर ज्या उंचीवर गाडीला लागतो त्याच उंचीवर टेकवायचा. उंची चुकली की आकडा चुकतो. घरचा बाथरूमचा काटा वापरायचा असेल तर मजबूत फळी घ्या. तिचं एक टोक लोखंडी नळीवर, दुसरं काट्यावर, आणि काट्याइतक्याच उंचीसाठी नळीखाली वीट. कपलरचा भार नळीपासून 30 आणि काट्यापासून 60 सेंटिमीटरवर टेकवा. काट्याचा आकडा गुणिले तीन म्हणजे नाकाचं वजन. रिकाम्या फळीचा आकडा आधी वजा करायला विसरू नका.

हे सगळं प्रवासाला निघताना असतं तशा भरलेल्या ट्रेलरवर करायचं. पाण्याची टाकी इथे हमखास दगा देते. टाकीचा मध्य अ‍ॅक्सलच्या दीड मीटर मागे असेल आणि त्यात 80 लिटर पाणी भरलं, तर नाक 40 किलोंनी हलकं होतं. घरी रिकाम्या टाकीने नीट चाललेला ट्रेलर गंगापूर धरणाजवळ टाकी भरून परत निघाला की डोलायला लागतो आणि दोष बारवर जातो. मागे सायकलचा रॅक लावला की तोच प्रकार. त्यावर उपाय म्हणून नाकाकडे तेवढंच वजन ठेवू नका. दोन टोकांना वजन असलेला ट्रेलर एकदा फिरू लागला की थांबायला जड जातो. जड सामान अ‍ॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, जमिनीलगत. टोकांना अंथरूण-पांघरूण.

टायरचं थोडक्यात: हवा सकाळी, टायर थंड असताना मोजायची. गाडीच्या मागच्या टायरना पूर्ण भाराचा दाब द्यायचा, ट्रेलरच्या टायरना बनवणाऱ्याने सांगितलेला. एप्रिल-मे महिन्यात दुपारी दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा काढणं चूक. टायरची बाजूची भिंत मऊ पडली की तीच आधी डोलू लागते.

बार बसवण्याआधी एक तपासणी

कपलरच्या मागे रबराची घड्याघड्यांची नळी दिसते का पाहा. दिसत असेल तर तुमच्या ट्रेलरला ओव्हररन ब्रेक आहे: गाडी ब्रेक मारते, ट्रेलर पुढे रेटतो, कपलर आत सरकतो आणि त्या सरकण्याने ट्रेलरचे ब्रेक लागतात. स्वे बार नेमकं हेच सरकणं अडवतो. म्हणजे ब्रेक उशिरा लागणार किंवा कमी लागणार. म्हणूनच बारच्या माहितीपत्रकात अशा ब्रेकबरोबर वापर नको असं सांगितलेलं असतं. युरोपी धाटणीच्या कॅरव्हॅनना यासाठी वेगळा कपलर मिळतो. त्याच्या आतच लायनर असतात आणि ते मुख्य बॉललाच चिमटीत धरतात. तो लावला तर बॉलवर ग्रीस अजिबात चालत नाही, साध्या कपलरला मात्र ते लागतं. दोन्हींत गल्लत झाली तर लायनर फुकट जातात.

दुसरी गोष्ट बॉलच्या मापाची. आपल्याकडे 50 मिलिमीटरचा बॉल सर्रास वापरतात. स्वे बारचे संच अमेरिकी मापाने येतात आणि त्यांच्याबरोबरची हिच अनेकदा 2 इंचाच्या, म्हणजे 50.8 मिलिमीटरच्या बॉलसाठी असते. पाऊण मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण 2 इंचाच्या कपलरमध्ये 50 चा बॉल खुळखुळतो, आणि उलट केलं तर कपलर पूर्ण बसत नाही. बॉलवर माप कोरलेलं असतं, कपलरवरही. दोन्ही वाचून एकच ठेवा.

ट्रेलरकडचा छोटा बॉल मुख्य बॉलच्या मध्यापासून 24 इंच, म्हणजे 61 सेंटिमीटर मागे यायला हवा. गाडी आणि ट्रेलर एका सरळ रेषेत उभे करून हे मापायचं. बॉलची प्लेट दांड्याच्या बाहेरच्या उभ्या भिंतीवर बसते. दांड्याच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीला भोकं पाडू नयेत, कारण वाकण्याचा ताण तिथेच सगळ्यात जास्त असतो. संचातले सेल्फ टॅपिंग स्क्रू जाड चॅनेलला ठीक. अंबड, सातपूरच्या शेडमधून बनवून घेतलेल्या बऱ्याच ट्रेलरचा दांडा पातळ चौकोनी पाइपचा असतो आणि त्यात असे स्क्रू महिन्याभरात ढिले पडतात. तिथे आरपार बोल्ट, आतून पाइप चेपू नये म्हणून स्लीव्ह आणि हादऱ्यांनी सैल न होणारे नायलॉक नट असं काम करून घ्यावं. मग मोकळ्या मैदानात, बारचं हँडल सैल ठेवून, दोन्ही बाजूंना स्टीअरिंग पूर्ण वळवून हळूहळू पुढे जा. एकाने बाहेर उभं राहून पाहायचं. बारच्या बाजूला वळताना पट्टी पूर्ण आत जाऊन ठोकते का, उलट बाजूला वळताना सुटून येण्याच्या बेतात असते का, आणि बंपरला काही लागतं का. ठोकत असेल तर बॉलची जागा बदला. पुढच्या यू-टर्नला बार वाकेल नाहीतर प्लेट उखडेल.

आता बोल्ट

बारवर दोन गोष्टी फिरतात आणि लोक त्यांची अदलाबदल करतात. लांब हँडल हे चालू-बंद करण्यासाठी आहे. ते घड्याळाच्या दिशेने अगदी शेवटपर्यंत, अडेपर्यंत फिरवायचं म्हणजे बार चालू. उलट फिरवून मोकळं केलं की बंद. हँडल अर्धवट आवळून 'थोडं कमी घर्षण' ठेवू नये. ते रस्त्यात हादऱ्यांनी सैल होत जातं आणि सकाळचं घर्षण दुपारी उरत नाही. घर्षण कमी-जास्त करायचा बोल्ट वेगळा असतो आणि त्याला पाना लागतो.

सुरुवात कंपनीने दिलेल्या जागेपासून करा. हँडल सैल करून दोन्ही टोकं छोट्या बॉलवर बसवा, क्लिपा घाला, हँडल शेवटपर्यंत आवळा. बोल्टच्या डोक्यावर आणि शेजारच्या लोखंडावर पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढा. ही रेघ नसेल तर तिसऱ्या बदलानंतर आपण कुठे आहोत ते कळत नाही. नव्या बारचे लायनर पट्टीवर पूर्ण बसलेले नसतात, पट्टीला रंग असतो. तो घासून जाईपर्यंत घर्षण बदलत राहतं. म्हणून पहिल्या काही प्रवासांनंतर परत तपासणी हवीच.

चाचणीसाठी वारा नसलेली सकाळ आणि रिकामा रस्ता घ्या; सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीतले रुंद रस्ते सुट्टीच्या दिवशी बरे पडतात. ताशी 40 ने सरळ जाताना स्टीअरिंगला अगदी हलका झोका देऊन आरशात पाहायचं. ट्रेलर एका हेलकाव्यात थांबला तर वेग 50, मग 60. महामार्गाच्या वेगाने मुद्दाम झोका देऊन पाहायचं नाही, कधीच नाही. 60 पर्यंत ठीक वाटलं तर पुढची परीक्षा महामार्गावर कंटेनर आपोआप घेतात. डोलणं रेंगाळत असेल तर हँडल सैल करून बोल्ट पाव फेरा घड्याळाच्या दिशेने, हँडल परत शेवटपर्यंत, आणि तोच रस्ता, तोच वेग. एका वेळी पाव फेराच. अर्धा-पाऊण फेरा मारला की बार एकदम जास्त आवळला जातो आणि योग्य जागा मधेच सुटून जाते.

जास्त आवळला हे कसं ओळखायचं? चौकातून वळून सरळ झाल्यावर स्टीअरिंग स्वतःहून मधोमध येत नाही, हाताने आणावं लागतं. गाडी सरळ रस्त्यावर किंचित एका अंगाला ओढते, मग दुसऱ्या वळणानंतर दुसऱ्या अंगाला. तसं झालं तर पाव फेरा मागे. हळू वळताना बारमधून कर्कश करकर येते, ती बहुतेक वेळा निरुपद्रवी. लायनर कोरडे घासल्याचा तो आवाज आहे. तो बंद करायला तेल किंवा ग्रीस घातलंत तर आवाजाबरोबर बारही गेला.

दोन-तीन पाव फेऱ्यांत फरक पडला नाही तर पाना खाली ठेवा आणि परत वजनाकडे वळा. वजन, टायर, कपलरचा खुळखुळा, व्हील बेअरिंगचा प्ले हे सगळं ठीक असूनही लांब ट्रेलर वाऱ्यात हलत असेल तर दांड्याच्या दुसऱ्या बाजूला दुसरा बार लावता येतो. हलक्या, आखूड ट्रेलरला त्याची गरज पडली तर समजावं की आधीचं काहीतरी राहून गेलंय.

पाऊस, घाट आणि रिव्हर्स

जुलैमध्ये घोटीच्या पुढे रस्ता सतत ओला असतो. निसरड्या रस्त्यावर हँडल सैल करून बार बंद करायचा. घर्षण ट्रेलरला वळू देत नाही तसंच वळलेल्या ट्रेलरला सरळही होऊ देत नाही. कोरड्यात पुढचे टायर त्याच्यावर मात करतात. ओल्यात त्यांची पकडच कमी, मग स्टीअरिंग फिरवलं तरी गाडी सरळ घसरत जाते. बार बंद म्हणजे वेगही कमी, हे ओघाने आलं.

कसारा घाट उतरताना बार चालू असो वा नसो, गिअर खालचा. उतारावर ट्रेलर मागून रेटतो आणि डोलणं तिथे लवकर सुरू होतं. झालंच तर स्टीअरिंग सरळ धरून ठेवा, झोक्याला झोक्याने उत्तर देऊ नका, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा. गाडीचा ब्रेक जोरात मारला तर ट्रेलर आडवा येतो. ट्रेलरला विजेचे ब्रेक असतील तर गाडीतल्या कंट्रोलरचा हाताने लावायचा खटका हळूहळू दाबा. मागचा ब्रेक लागला की दोघे ताणून सरळ होतात. वेग वाढवून ट्रेलर 'ओढून सरळ' करायचा सल्ला सर्रास दिला जातो, उतारावर तर तो जिवावर बेतणारा आहे.

रिव्हर्स घेण्याआधी बार काढायचा. हँडल सैल करून भागत नाही, काढून डिकीत ठेवायचा. मागे जाताना ट्रेलर पुढच्या प्रवासात कधी येत नाही अशा कोनात दुमडतो, पट्टी आत जाऊन ठोकते आणि पुढचा जोर थेट छोट्या बॉलवर जातो. वाकलेल्या बारांपैकी बहुतेक असेच पार्किंगमध्ये वाकतात, महामार्गावर नाही. वाकलेली पट्टी ठोकून सरळ करू नये; ती एका जागी अडते आणि पुढे एकदम सुटते, झटका थेट स्टीअरिंगला येतो. ट्रेलर सोडतानाही आधी बार, मग कपलर.

पावसात भिजलेला बार तसाच रात्रभर आवळून ठेवला तर पट्टीला गंज धरतो आणि लायनर तिला चिकटतात. सकाळी पहिल्या वळणाला मोठा 'टक्' आवाज येतो तो त्याचाच. म्हणून मुक्कामी पोचल्यावर काढा, कोरड्या फडक्याने पुसा, छताखाली ठेवा. पट्टीवर आलेला हलका गंज बारीक पॉलिश पेपरने निघतो. लायनर काचेसारखे चकचकीत दिसू लागले तर त्यांनाही हलका हात मारायचा. तेल लागलेले मात्र बदलायचेच. छोट्या बॉलचे नट आणि प्लेटचे बोल्ट पहिल्या 100 किलोमीटरनंतर एकदा, पुढे प्रत्येक प्रवासाआधी पान्याने ताडून पाहा. आणि पेंट मार्करची रेघ पुसट झाली असेल तर पुसून जाण्याआधी परत ओढून ठेवा.